मुखत्यारी कोणाची?

२९ मार्च २०१७ रोजी ब्रिटनचे युरोपीय संघातले राजदूत टिम बॅरो यांनी ब्रसेल्समध्ये युरोपीय परिषदेचे अध्यक्ष डोनाल्ड टस्क यांच्या हाती एक पत्र दिले. पत्राखाली पंतप्रधान थेरेसा मे यांची सही होती. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडत असल्याची ती रीतसर नोटीस होती आणि ती लागू होताच दोन वर्षांची मुदत सुरू झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, एप्रिलच्या सुरुवातीला, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याला ग्रामसभा भरली. गोदाकाठच्या या गावाने ठराव केला, की कर्जमाफी आणि हमीभावाच्या मागण्या मान्य झाल्या नाहीत तर १ जूनपासून शेतकरी संपावर जातील. शहराला दूध आणि भाजीपाला पाठवायचा नाही, खरिपात घरापुरतेच पेरायचे. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण पुढे दोन्हीकडे वाटाघाटी झाल्या आणि दोन्ही एकाच जागी अडल्या. ज्यातून बाहेर पडायचे त्या व्यवस्थेशी होणारे बोलणे ही खरे तर दुसरी वाटाघाट असते. पहिली आपल्याच माणसांशी करायची असते. ती अर्धवट टाकून जो टेबलाशी बसतो, त्याच्या सहीला टेबलावरून उठताच कोणी विचारत नाही. पुणतांब्याच्या संपाने हे दोन-तीन दिवसांत दाखवले, ब्रिटनला ते कळायला दोन वर्षे लागली.

देशाने करार मोडणे आणि गावाने दूध अडवणे यांची तुलना कशी करता, असे कोणी विचारील. फरक आहेच. संपकऱ्याला शेवटी बाजारात परत यायचे असते, ब्रिटनला कायमचे निघायचे होते. पण पूर्ण तुटणे त्यालाही नको होते. युरोपच्या बाजारात आपला माल जावा, युरोपातून माल यावा, फक्त अटी आपल्या सोयीच्या असाव्यात, एवढेच तिथल्या बहुतेकांचे म्हणणे होते. दोन्हीकडे प्रश्न होता तो रोजच्या देवाणघेवाणीतून हात काढून घेऊन त्या हाताची किंमत वाढवता येते का, हा. आणि देवाणघेवाणीचे जाळे किती घट्ट विणलेले असते हे पाहायचे, तर ब्रसेल्सपेक्षा नगर जिल्ह्याचा उत्तर भाग जास्त उपयोगी आहे. पुणतांब्यापासून जवळच प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला आणि पुढच्या पन्नास वर्षांत या पट्ट्यातला शेतकरी एका आर्थिक संघाचा सभासदच होऊन गेला. पीककर्ज विकास सोसायटीतून येते, सोसायटीला पैसा जिल्हा बँक पुरवते, ऊस कारखान्याला जातो, सोसायटीची वसुली उसाच्या बिलातून परस्पर कापली जाते. कांदा बाजार समितीच्या आवारात आणि दूध संकलन केंद्रावर. यातल्या एका ठिकाणाहून अंग काढले तरी बाकीच्यांचे हिशेब चालूच राहतात. बाजारात जाणे थांबले म्हणून सोसायटीचे व्याज थांबत नाही.

दुधाचेच घ्या. पहाटे धार काढून कॅन मोटारसायकलला अडकवायचे आणि केंद्र गाठायचे. तिथे नमुना काढून यंत्रावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ, बघतात. गायीच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हे प्रमाण धरलेले आहे, एखाद-दुसऱ्या पॉइंटने कमी भरले की दर उतरतो. हातात पडते ती चिठ्ठी. पैसे दहा दिवसांनी, पशुखाद्याची उचल वजा करून. संध्याकाळी पुन्हा तेच. किराणा, पोरांचा खर्च, दवाखाना हे सगळे या दहा दिवसांच्या पगारावर चालते, कारण उसाचे बिल वर्षाकाठी येते आणि कांद्याचे काही खरे नसते. संप म्हणजे ही साखळी आपल्या हाताने तोडणे. पण गायीला संप कळत नाही. धार काढली नाही तर कासेला सूज येते, दगडी होते. म्हणून दूध काढावे लागते आणि विकायचे नाही म्हणून ओतावे लागते. १ जून २०१७ पासून रस्त्यावर जे दूध वाहिले त्याला शहरातल्या अनेकांनी नासाडी म्हटले. तोट्याच्या बाजूने पाहिले तर तो प्रत्येक घराचा त्या दहावड्याचा पगार होता. मुंबईच्या ग्राहकाला दोन दिवस चहा कोरा प्यावा लागला असेल, पण दोन गायींच्या मालकाचे नुकसान पहिल्याच सकाळी सुरू झाले होते. भाजीचेही तेच. कोबी आणि टोमॅटो थांबत नाहीत.

थोडक्यात, वेळ कोणाच्या बाजूने आहे हा बाहेर पडणाऱ्याचा पहिला प्रश्न. युरोपीय संघाच्या करारातले कलम ५० या बाबतीत फार धूर्तपणे लिहिलेले आहे. नोटीस दिली की दोन वर्षे मोजायला लागायची, मुदत वाढवायची तर उरलेल्या सगळ्या देशांची एकमुखी संमती हवी, आणि करार न होता मुदत संपली तर नोटीस देणारा तसाच बाहेर फेकला जाणार. हे कलम लिहिण्यात ज्यांचा मोठा हात होता ते जॉन कर हे ब्रिटिशच मुत्सद्दी, हा त्यातला विनोद. पुणतांब्याला कलम नव्हते, पण मुदत होती. ती गायीच्या कासेत होती आणि ब्रिटनच्या मुदतीपेक्षा फारच छोटी होती. याउलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अलिबागजवळच्या चरीला १९३३ मध्ये कुळांनी खोतांची जमीन कसायचे थांबवले आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. पंचवीस गावे त्यात होती, नारायण नागू पाटील पुढारी होते, बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा होता, आणि शेवटी मुंबई सरकारचे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांना त्यात पडावे लागले. सहा वर्षे ती माणसे कशी टिकली? जंगलातला लाकूडफाटा विकून, मजुरी करून, अर्धपोटी राहून. त्यांचे हाल कमी लेखायचे कारण नाही. पण न पेरलेल्या शेताचा तोटा खोतालाही तितकाच होत होता आणि पडीक जमिनीला रोज दोनदा धार काढावी लागत नाही. करार झाला नाही तर आपले काय होईल, या प्रश्नाला चरीकडे कसेबसे का होईना उत्तर होते. पुणतांब्याच्या संपाकडे आठवडाभराचे होते.

ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याने बोलायला बसण्यापूर्वीच सगळे ठरवून ठेवले पाहिजे. तिथे कमतरता राहिली. ग्रामसभेच्या ठरावातून उभ्या राहिलेल्या किसान क्रांतीच्या मागण्या स्पष्ट होत्या : सातबारा कोरा, स्वामिनाथन आयोगाप्रमाणे उत्पादनखर्चावर पन्नास टक्के नफा, दुधाला लिटरमागे ५० रुपये, साठीनंतर निवृत्तिवेतन. त्यातले किती मिळाले म्हणजे संप मागे घ्यायचा, आणि ते ठरवायचे कोणी, हे मात्र कुठेच ठरले नव्हते. २ जूनच्या रात्री कोअर कमिटीचे प्रतिनिधी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याबरोबर 'वर्षा' बंगल्यावर बसले. ३ जूनच्या पहाटे संप मागे घेतल्याचे जाहीर झाले. अल्पभूधारकांची, म्हणजे पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्यांची, कर्जमाफी ३१ ऑक्टोबरपर्यंत, दुधाचा दर वाढवायचा, हमीभावाच्या खाली खरेदी करणे गुन्हा ठरवणारा कायदा करायचा, असे त्याचे स्वरूप होते. किसान सभेचे अजित नवले बैठकीतून आधीच बाहेर पडले होते. उजाडले तेव्हा राज्याला कळले की संप मिटला आहे, आणि दुपारपर्यंत हेही कळले की तो मिटलेला नाही. गावोगाव फसवणुकीची भाषा सुरू झाली, आंदोलनाचे केंद्र पुणतांब्याहून नाशिककडे सरकले, ५ जूनला महाराष्ट्र बंद झाला.

त्या पहाटेचा करार का फेटाळला गेला? रात्रीचा मुहूर्त, बंद खोली, अमक्याला सरकारने फोडले, असे स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले आणि अजूनही दिले जाते. त्यात तथ्य किती हे बाजूला ठेवले तरी कराराच्या मजकुरातच एक कारण दिसते, ते म्हणजे पाच एकरांची रेघ. नगर-नाशिकच्या बागायती पट्ट्यात पाच एकर ही मोठी जमीन असते. विदर्भ-मराठवाड्यात कोरडवाहू दहा एकरांचा मालक तितकाच, किंबहुना अधिक, कर्जात बुडालेला असतो. २००८ च्या केंद्र सरकारच्या कर्जमाफीत हीच दोन हेक्टरांची रेघ होती आणि यवतमाळ-अमरावतीकडून तेव्हाच त्यावर ओरड झाली होती. नऊ वर्षांपूर्वी ज्या अटीने निम्म्या राज्याला बाहेर ठेवले, तीच अट आंदोलनाच्या नावावर मान्य झाली, कारण त्या निम्म्या राज्याला काय चालेल आणि काय चालणार नाही हे आधी विचारलेच नव्हते. संप एका गावाने सुरू केला होता, पण १ जूनला तो साऱ्या राज्याचा झाला. मुखत्यारपत्र मात्र जुनेच राहिले.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ मध्ये हा प्रकार दोन पातळ्यांवरचा खेळ म्हणून मांडला. वाटाघाट करणारा एकाच वेळी दोन टेबलांवर खेळत असतो, एकावर समोरचा पक्ष आणि दुसऱ्यावर आपली माणसे. पहिल्या टेबलावर शहाणपणाची ठरलेली चाल दुसऱ्यावर आत्मघातकी ठरू शकते. त्याच्याही आधी, १९६० मध्ये, अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी त्यातली उलटी गंमत दाखवली होती. ज्याचे हात मागून बांधलेले आहेत तो टेबलावर दुबळा ठरत नाही, उलट जोर करू शकतो. 'मला मान्य आहे हो, पण माझे लोक ऐकणार नाहीत' हे खरे असेल आणि समोरच्याला ते खरे असल्याचे दिसत असेल, तर समोरच्यालाच पुढे सरकावे लागते. याला अट एकच. हात बसण्याआधी बांधलेले दिसले पाहिजेत. पुणतांब्याच्या संपात ते बांधलेलेच होते, पण सही होईपर्यंत कोणालाच दिसले नाहीत. समितीतल्यांना नाही, सरकारला तर नाहीच. राज्य सरकारच्या दृष्टीने पाहिले तर त्या पहाटे तेही फसलेच. सवलत देऊन बसले आणि शांतता मिळाली नाही.

हे कसे टाळता येते याचे उदाहरण तीन वर्षांनी दिल्लीच्या वेशीवर दिसले. २०२० च्या तीन कृषी कायद्यांविरुद्धच्या आंदोलनात चाळीस संघटना केंद्र सरकारशी बोलत होत्या. इतक्या संघटना म्हणजे फुटीला आमंत्रणच, असे कोणालाही वाटले असते. पण विज्ञान भवनात जे मांडले जाईल ते सिंघू सीमेवर परत न्यायचे, तिथे चर्चा करायची आणि मग उत्तर द्यायचे, ही रीत त्यांनी सोडली नाही. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने कायदे दीड वर्ष स्थगित ठेवायची तयारी दाखवली. प्रस्ताव वाईट नव्हता, आणि खोलीतल्या खोलीत कदाचित मान्यही झाला असता. तो सीमेवर गेला आणि तिथे नाकारला गेला. त्याला सरकारने हटवादीपणा म्हटले, पण कोणत्याही एका नेत्याने विकले असे आंदोलनात कोणी म्हणू शकले नाही. दहा महिन्यांनी कायदे संसदेत रद्द झाले, तरीही लगेच कोणी उठले नाही. उरलेल्या मुद्द्यांवर कृषी खात्याच्या सचिवांच्या सहीचे पत्र हाती आल्यावर, डिसेंबर २०२१ मध्ये, आंदोलन 'स्थगित' झाले. अर्थात पंजाबच्या शेतकऱ्याला हे परवडले त्यामागे ट्रॉलीत भरून आणलेला शिधा, लंगर आणि घरी पाळीपाळीने शेत सांभाळणारे भाऊबंद होते. चरीसारखे इथेही थांबण्याचे बळ होते. पुणतांब्याला तेच उचलून लावता येणार नाही, हे मान्य.

मग वेळ नसताना प्रत्येक प्रस्ताव ग्रामसभेपुढे कसा न्यायचा, हा आक्षेप योग्य आहे. दूध ओतले जात असताना जिल्ह्याजिल्ह्यात सभा घेत बसता येत नाही, आणि प्रतिनिधीला काहीच अधिकार नसेल तर सरकार त्याच्याशी बोलेल तरी कशाला. पण एप्रिलपासून जूनपर्यंत दोन महिने होते. पाच एकरांची मर्यादा घातली तर चालेल का, दुधाला ५० ऐवजी ३० मिळाले तर काय, अर्ध्या मागण्या मान्य झाल्या तर परतायचे की थांबायचे, हे प्रश्न त्या दोन महिन्यांत विचारता आले असते. आता मागे वळून असे म्हणणे सोपे आहे, हेही खरे. चळवळ उभी राहत असताना किमान किती घ्यायचे हा प्रश्न कोणी काढत नाही, कारण तो काढणाऱ्यावरच कच खाल्ल्याचा शिक्का बसतो. म्हणून 'सगळे हवे' हाच ठराव होतो आणि तडजोडीचे काम रात्री दोन वाजता जागरणाने डोळे तांबारलेल्या चार-पाच माणसांवर येते.

ब्रिटनमध्ये नेमके हेच झाले, फक्त सुटाबुटात. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायचे ठरवले, पण बाहेर म्हणजे कुठवर, हे मतपत्रिकेवर नव्हते. एकल बाजारातून बाहेर की फक्त संघाच्या राजकारणातून? आयर्लंडच्या सीमेचे काय? यावर पक्षात आणि संसदेत एकमत न करताच मे यांनी मार्च २०१७ ची नोटीस दिली, म्हणजे मुदत सुरू करून मग घरात चर्चेला बसल्या. त्यात ८ जून २०१७ च्या निवडणुकीत बहुमतही गेले. त्याच महिन्यात ब्रसेल्सची पहिली बैठक झाली आणि आधी देणी, नागरिकांचे हक्क, आयर्लंडची सीमा, व्यापाराचे नंतर, हा युरोपने घातलेला क्रम ब्रिटनने पहिल्याच दिवशी स्वीकारला. समोर युरोपच्या वतीने बोलणारे एकटे मिशेल बार्निए होते. सत्तावीस देशांनी एप्रिलमध्येच लिखित मार्गदर्शक सूत्रे ठरवून ती जाहीर करून टाकली होती, आणि बार्निए वरचेवर राजधान्यांत जाऊन आपली बाजू पक्की करत. लंडनने बर्लिन-पॅरिसशी परस्पर बोलायचे प्रयत्न केले तर उत्तर यायचे की बार्निए यांच्याशी बोला. मे यांनी केलेला करार त्यांच्याच संसदेने तीनदा फेटाळला. १५ जानेवारी २०१९ ला तर २३० मतांच्या फरकाने. तिसऱ्यांदा फेटाळला तो दिवस २९ मार्च २०१९ होता, नोटिशीनुसार बाहेर पडायचा दिवस.

इथे सर्वात वजनदार आक्षेप येतो. फेटाळल्यामुळे फायदाच झाला की! ३ जूनचा करार लाथाडला म्हणून नाशिकमध्ये सुकाणू समिती उभी राहिली, ११ जूनला चंद्रकांत पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिगटाला तिच्याशी बोलावे लागले, पाच एकरांची रेघ गेली, आणि २४ जूनला ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर झाली. पहाटेचा करार सगळ्यांनी निमूट मानला असता तर यातले काय मिळाले असते? ब्रिटनमध्येही, करार पुन्हा उघडणार नाही असे बजावणाऱ्या युरोपने ऑक्टोबर २०१९ मध्ये मे यांच्यानंतर आलेल्या बोरिस जॉन्सन यांच्यासाठी तो उघडलाच. हा मुद्दा मी नाकारत नाही. तो शेलिंग यांचाच मुद्दा आहे, उशिरा सिद्ध झालेला. हात बांधलेले आहेत हे दिसले तेव्हा समोरचा पुढे सरकला. प्रश्न ते दिसायला काय किंमत पडली, हा आहे. आणखी आठवडाभराचे दूध आणि भाजी गेली. ज्या गावाने संप उभा केला त्याच्याकडून सूत्रे गेली. आणि परस्परांवरचा विश्वास इतका उडाला, की ११ जूनला कर्जमाफी 'तत्त्वतः' मान्य, पण 'निकषांसह', असे ठरले तेव्हा त्या निकषांत काय भरायचे हे कोणी पक्के करून घेऊ शकले नाही. दोन आठवड्यांत त्या रिकाम्या जागेत दीड लाख रुपयांची मर्यादा बसली, आणि दीड लाखाच्या वर कर्ज असलेल्याला आधी वरची रक्कम भरून मग माफी, अशी एकरकमी परतफेडीची अट. पुढे ऑनलाइन अर्ज, बोटांचे ठसे, याद्यांची छाननी यांत महिने गेले, आणि प्रत्यक्ष वाटप जाहीर आकड्याच्या बरेच अलीकडे थांबले. जॉन्सन यांना जे मिळाले तेही तपासून घ्यावे. कोणताही ब्रिटिश पंतप्रधान मान्य करणार नाही असे मे ज्याविषयी म्हणाल्या होत्या, ती उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनमधली मालाची तपासणीरेषा त्यांनी मान्य केली.

सरकारनेच आंदोलन फोडले, मग दोष आंदोलनाचा कसा, असाही एक सूर आहे. पण समोरचा पक्ष कमीत कमी किमतीत तयार होणारा माणूस शोधणारच, ते त्याचे कामच आहे. लंडननेही युरोपात तोच शोध घेतला, तिथे तो माणूस सापडला नाही एवढेच. आणि शोध घेणाऱ्यालाही भान हवे, की ज्याच्या मागे कोणी नाही त्याच्याशी केलेला सौदा दुसऱ्यांदा करावा लागतो. घरातले मत आधी पक्के असेल तर बाहेर पडणे किती शांतपणे होते याचे उदाहरण ग्रीनलंडचे आहे. डेन्मार्कबरोबर १९७३ मध्ये युरोपीय समुदायात ओढल्या गेलेल्या या बेटाने १९८२ मध्ये सार्वमत घेतले, सुमारे ५३ टक्के बाहेरच्या बाजूने पडले. म्हणजे फरक ब्रिटनसारखाच निसटता. पण भांडण कशाचे आहे यावर तिथे दुमत नव्हते. ते माशांचे होते. युरोपच्या बोटींना मासेमारीची काही परवानगी आणि तिचा मोबदला, ग्रीनलंडच्या माशांना युरोपात जकातीशिवाय प्रवेश, असे ठरवून १९८५ मध्ये ते बाहेर पडले. जगाला पत्ताही लागला नाही.

पुणतांबा २०२२ मध्ये पुन्हा उठले. मे महिन्यात ग्रामसभा, १ जूनपासून धरणे. या वेळी संप नव्हता, म्हणजे दहावड्याच्या पगारावर पाणी सोडायचे नव्हते, आणि बोलणीही बंगल्यावर रात्री झाली नाहीत. तेव्हाचे कृषिमंत्री दादाजी भुसे पुणतांब्याला आले, आंदोलन स्थगित झाले आणि पुढची बैठक मुंबईत ठरली. पाच वर्षांपूर्वीच्या अनुभवातून गावाने टेबल आपल्या चावडीजवळ ओढले, असा याचा अर्थ मी लावतो. पण त्याच महिन्यात राज्यातले सरकार गडगडले. ज्यांनी शब्द दिला ते सरकार ३० जूनपर्यंत उरले नव्हते, आणि नियमित कर्ज फेडणाऱ्यांना ५० हजार रुपयांचे प्रोत्साहन अनुदान, जे आधीपासून कबूल झालेले आणि अडकून पडलेले होते, ते पुढच्या सरकारच्या काळात खात्यावर आले. समोरच्याची मुखत्यारी तपासायची राहते ती अशी. २०१७ मध्येही तेच होते. उत्पादनखर्चाच्या दीडपट हमीभाव हा केंद्राचा विषय, तो 'वर्षा'वर मागून मिळणार नव्हता. तिथे जे अधिकारात होते ते झाले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गायीच्या दुधाचा दर २४ वरून २७ रुपये झाला. आणि तोही सरकारी पत्रकावर. खाजगी डेअऱ्यांनी तो किती पाळला हे पुढच्याच वर्षी जुलैमध्ये पुन्हा पेटलेल्या दूध आंदोलनाने सांगितले. कांद्याचे तर सगळे निर्णय दिल्लीतच होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्ये, लोकसभेची निवडणूक ऐन रंगात असताना, ती उठली. यातल्या एकाही आदेशावर सही करण्याचा अधिकार पुणतांब्याला आलेल्या कोणत्याही मंत्र्याला नव्हता.